'वॉर, इंक.' आणि आपलं कंपनी सरकार

वाईट पिक्चर आपण दुसऱ्या दिवशी विसरतो. 'वॉर, इंक.' मला विसरता आला नाही, कारण विषय जबरदस्त होता आणि तो यांच्या हातातून सुटला. २००८ सालचा हा हॉलिवूडचा राजकीय विडंबनपट. दिग्दर्शक जोशुआ सेफ्टेल. मुख्य भूमिकेत जॉन क्युसॅक, लेखनातही त्याचा हात. सोबत मारिसा टोमे, बेन किंग्जली, डॅन अॅक्रॉइड, हिलरी डफ, आणि जॉनची सख्खी बहीण जोन क्युसॅक. एवढी नावं वाचून माणूस आशेनं बसतो. मी घरचा चिवडा घेऊन बसलो होतो. चिवडा संपला तेव्हा अर्धा तास झाला होता, आणि चांगला भागही साधारण तेवढाच होता.

कल्पना अशी. तुराकिस्तान नावाचा एक काल्पनिक देश. तिथलं युद्ध अमेरिकेनं पूर्णपणे एका खाजगी कंपनीला ठेक्यावर दिलंय. कंपनीचं नाव टॅमरलेन, म्हणजे आपला तैमूरलंग. तिच्यामागे अमेरिकेचा एक माजी उपराष्ट्राध्यक्ष. शेजारच्या देशाचा एक तेलमंत्री स्वतःची पाइपलाइन टाकायच्या गोष्टी करतो, म्हणून त्याला संपवायचं काम ब्रँड हाउसर या भाडोत्री मारेकऱ्याकडे येतं. वरवर त्याचा हुद्दा मात्र व्यापारी प्रदर्शनाच्या आयोजकाचा. मनावर ताण आला की हा माणूस तिखट सॉसचे घोट मारतो.

सुरुवातीला मी खरोखर हसलो. रणगाड्यांवर जाहिराती रंगवलेल्या, आपल्याकडच्या एसटीवर असतात तशा. पत्रकारांना युद्ध 'अनुभवायला' एका थिएटरात बसवतात, खुर्च्या हलतात, चष्मे लावायचे, झालं वार्तांकन. कंपनीच्या भूमिगत मुख्यालयाचा दरवाजा एका तळलेल्या चिकनच्या दुकानातून. प्रदर्शनात कृत्रिम पायांची जाहिरात म्हणून पाय गमावलेल्या मुली ओळीत नाचतात. पाय ज्यांच्या बाँबनं गेले, तेच आता पाय विकतायत. हे दृश्य पाहताना हसू येतं आणि लगेच घशात अडकतं. असं आणखी काही असेल म्हणून मी सरसावून बसलो.

पण पुढे तसं काही नाहीच. मारेकऱ्याला एका डाव्या विचारांच्या पत्रकार बाईचं प्रेम लागतं, मग त्याचा दुखरा भूतकाळ येतो, मग मेला म्हणून सोडलेला जुना साहेब पडद्यामागून निघतो, आणि शेवटी तिथली वाह्यात पॉपस्टार ही त्याचीच लहानपणी पळवलेली मुलगी ठरते. (पिक्चर जुना आहे, शेवट सांगितला म्हणून रागावू नका.) जत्रेत हरवलेली मुलगी सापडणं आपल्या हिंदी सिनेमानं यापेक्षा किती तरी बरं करून ठेवलंय. ज्या कंपनीवर सगळा राग काढायचा होता ती कंपनी दुसऱ्या अर्ध्या भागात मागे राहते आणि एका माणसाच्या बापपणाची गोष्ट पुढे येते. क्युसॅकनं १९९७ च्या 'ग्रोस पॉइंट ब्लँक'मध्ये असाच वैतागलेला मारेकरी केला होता, तिथेही बहीण आणि अॅक्रॉइड होतेच. तिथे तो शोभला, कारण तिथे गोष्टच एका माणसाची होती.

मला जास्त खटकली ती दुसरी गोष्ट. हसायचं कोणावर, हे या पिक्चरला ठरवता आलेलं नाही. कंपनीवर हसतोय म्हणतात, पण तुराकिस्तानचे लोक कसे दाखवलेत? गुंड, बंदूकवाले, बटबटीत कपड्यातली गायिका. त्यांच्या घरात एकदाही कॅमेरा जात नाही. त्यांना बाजारात काय भाव मिळतो, वीज किती वेळ असते, पोरं शाळेत जातात का, काही नाही. चित्रीकरण बल्गेरियात झालं आणि देशाचं नाव बनावट, तेव्हा कोणाला उत्तर द्यायचीही गरज नाही.

आपल्या पांढुर्ण्याच्या माणसाला हे चटकन कळतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड उभं राहतं, एकीकडे पांढुर्णा, दुसरीकडे सावरगाव, आणि गोटमार सुरू होते. त्याच दिवशी मोठ्या शहरांतले कॅमेरे उतरतात. रात्री बातम्यांत आपलं गाव दोन मिनिटं दिसतं: दगड, रक्त, अँब्युलन्स, आणि निवेदकाचा तो ठेवणीतला आश्चर्याचा आवाज. उरलेले ३६४ दिवस संत्र्याचा भाव पडो की कपाशीवर बोंडअळी येवो, कॅमेरा येत नाही. गोटमार चांगली की वाईट यावर आपल्यातच घराघरात दोन मतं आहेत, माझ्या घरात तर तीन आहेत. पण बाहेरचा माणूस एक दिवस येऊन आपल्यावर हसतो तेव्हा ते हसू कुठून येतं, हे आपल्याला माहीत आहे. 'वॉर, इंक.'चं तुराकिस्तान तशाच कॅमेऱ्यानं टिपलंय.

आता या पिक्चरच्या हातून काय निसटलं ते सांगतो, कारण कच्चा माल यांच्यापुढे तयार होता. नाओमी क्लाइन या पत्रकार लेखिकेनं २००४ साली 'हार्पर्स' मासिकात बगदादवर एक लांब लेख लिहिला होता, त्यातून या पिक्चरची प्रेरणा आली. २००३ च्या मे महिन्यात पॉल ब्रेमर इराकचा कारभारी म्हणून बगदादला पोचला आणि त्यानं एकामागून एक क्रमांक घातलेले हुकूम काढले. ३९ व्या हुकमानं तेलासारखी नैसर्गिक संपत्ती वगळता इराकी कंपन्या शंभर टक्के परकीयांच्या मालकीच्या होऊ शकत होत्या. १७ व्या हुकमानं परदेशी ठेकेदारांना इराकी कायद्यापासून संरक्षण मिळालं. २८ जून २००४ ला ब्रेमर विमानात बसून निघून गेला, हुकूम मागे राहिले. १६ सप्टेंबर २००७ ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर कंपनीच्या रक्षकांच्या गोळीबारात १७ इराकी नागरिक मेले, तेव्हा या सगळ्याचा अर्थ जगाला कळला. पिक्चर त्यानंतरच्या वर्षी आला.

माझं रोजचं काम कंपन्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं आहे. कोड उघडला की कर, सूट, थकबाकी, व्याज. त्यामुळे मला युद्धापेक्षा युद्धाचं बिल जास्त दिसतं. इराकमध्ये अमेरिकी सैन्याला जेवण, कपडे धुणं, तंबू, डिझेल पुरवायचं मोठं काम हॅलिबर्टनच्या केबीआर या कंपनीकडे होतं. (हॅलिबर्टनचे १९९५ ते २००० पर्यंतचे प्रमुख डिक चेनी, म्हणजे त्या वेळचे उपराष्ट्राध्यक्ष. पिक्चरमधला अॅक्रॉइड कोणावर बेतलाय ते ओळखायला फार हुशारी लागत नाही.) त्या ठेक्याची रीत अशी की जो खर्च होईल तो सरकार देणार आणि त्यावर ठरलेला नफा. आपल्या एखाद्या मिस्त्रीला म्हणून बघा, 'घर बांध, जेवढा खर्च येईल तेवढा देतो आणि वर तुझी टक्केवारी.' तो भिंत सरळ बांधेल का स्वस्त?

२००४ साली पेंटागॉनच्याच लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला की वाढलीच नव्हती अशा जेवणांची बिलं लावली गेली आहेत. कंपनीचं म्हणणं, लष्करानं सांगितलेल्या संख्येप्रमाणे जेवण तयार ठेवावंच लागतं, जेवायला कोणी येवो न येवो. पुढच्या वर्षी तडजोड झाली. आता विचार करा, वाळवंटात हजारो रिकाम्या ताटांचं बिल, त्यावर खर्च अधिक नफा, आणि दोन कारकून ती ताटं मोजतायत. एवढा एकच प्रसंग घेऊन आपल्याकडचा कोणताही बरा नाटककार दोन अंक लिहिल. 'वॉर, इंक.'मध्ये गोळीबार आहे, स्फोट आहेत, तिखट सॉस आहे. हिशेब करणारा माणूस नाही.

आणि ताटं धुणारा माणूसही लक्षात राहत नाही. जुलै २००४ मध्ये कुवेतच्या एका वाहतूक कंपनीसाठी ट्रक चालवणाऱ्या तीन भारतीय ड्रायव्हरांना इराकमध्ये ओलीस धरलं होतं, तेव्हा मी शाळेत होतो आणि घरात रोज संध्याकाळी टीव्ही त्याच बातमीसाठी लागायचा. १ सप्टेंबरला ते सुटले. त्याच सुमारास नेपाळमधून कामासाठी निघालेल्या बारा जणांना मात्र मारून टाकलं. कंपनीनं चालवलेलं युद्ध म्हटलं की आपल्या भागातून त्यात जाणारा माणूस बंदूकवाला नसतो, ड्रायव्हर असतो, स्वयंपाकी असतो, आणि आता माझ्या पिढीत सॉफ्टवेअरवालाही असतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं वर्षभर एका परदेशी ग्राहकाच्या गोदामाची प्रणाली सांभाळली. माल कोणाचा, तर 'सरकारी ग्राहक'. एवढंच त्याला माहीत. रात्री दोनला फोन आला की तो उठायचा, कारण कुठे तरी एक ट्रक फाटकावर अडकलेला असायचा. ट्रकमध्ये काय आहे हे पाहण्याचा अधिकार त्याच्या लॉगिनला नव्हता.

कंपनीनं युद्ध चालवणं ही जगाची पहिली वेळ, असं पिक्चर मोठ्या आवाजात सांगतो. इथे मात्र मला थांबावंसं वाटलं, कारण सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसानं हे ऐकून मान कशी डोलवायची? आपण नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातले. आणि भोसल्यांचं राज्य जिनं गिळलं ती लंडनमधली भागधारकांची कंपनीच होती. तिचे शेअर विकले जायचे, तिचे संचालक लाभांश वाटायचे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्या पदरी दोन लाखांहून जास्त सैन्य होतं.

शाळेत आम्ही हे हिंदीत शिकलो, 'सहायक संधि' म्हणून. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न. 'तैनाती फौज' हा शब्द मला आमच्या आबाजींकडून कळला, आणि त्यांनी तो एका वाक्यात समजावला होता: "राज्य काई तलवारीनं नाई गेलं बाबू, उधारीनं गेलं." तेव्हा मला वाटलं म्हातारा गंमत करतोय.

तारखा बघा. १८०३ च्या २९ नोव्हेंबरला अडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजींना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला. आपण पावसाळ्यात चिखलदऱ्याला जातो तेव्हा गाविलगडावर भजी खात फोटो काढतो, तोच हा किल्ला. तरी रघूजींनी पुढे तेरा वर्षं तैनाती फौजेला हो म्हटलं नाही. मार्च १८१६ मध्ये ते वारले. मुलगा परसोजी राज्य चालवण्याच्या अवस्थेत नव्हता. कारभार हातात यावा म्हणून आप्पासाहेबांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात कंपनीशी तह केला. फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, खर्च नागपूरचा.

हा ठेका वाचताना माझ्यातला बिलवाला जागा होतो. ग्राहकानं सेवा घेतली. सेवा बंद करायचं कलम नाही. दर सेवा देणाराच ठरवणार. आणि पैसे थकले तर तारण म्हणून मुलूख. निजामाच्या बाबतीत हे अगदी उघड झालं. हैदराबादच्या कंटिंजेंट फौजेचा खर्च थकत गेला आणि १८५३ च्या तहात त्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला गेला. आपल्या हद्दीला लागून असलेलं वरूड, मोर्शी, सगळा कपाशीचा काळा पट्टा. एक बिल वसूल झालं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हवा असलेला कापूस पिकवणारी जमीन हातात आली. यात एकही गोळी झाडावी लागली नाही. 'वॉर, इंक.'च्या लेखकांनी हा तह वाचला असता तर त्यांना पॉपस्टार लागली नसती.

नागपुरात मात्र गोळ्या झडल्या. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. आज तिथून खाली पाहिलं की मॉल, मेट्रो आणि रेल्वे स्टेशन दिसतं. कंपनीच्या बाजूनं लढणारे बहुतेक मद्रासचे देशी शिपाई आणि बंगालचे घोडेस्वार होते, आणि भोसल्यांच्या बाजूला पगारी अरब होते. दोन्हीकडे पगारी माणूस. फरक एवढाच की कंपनीचा पगार वेळेवर व्हायचा, आणि त्याचे पैसे तहाच्या अटींप्रमाणे भोसल्यांच्याच तिजोरीतून यायचे. डिसेंबरमध्ये पुन्हा हार झाली. अरबांनी शहर आणखी काही दिवस लढवलं. मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबांना पकडलं, मे महिन्यात जबलपूरकडे नेत असताना ते पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गेले, म्हणजे पचमढीच्या बाजूला, आपल्या छिंदवाड्याच्या वर. गोंडांनी त्यांना आसरा दिला. त्यांची अरब माणसं मुलताईपर्यंत भिडली होती. मुलताईला आपण ताप्तीच्या उगमाला जातो, तळ्याला फेरी मारतो. तिथे हे घडलं हे मला कोणत्याही सहलीत कोणी सांगितलं नव्हतं.

यानंतर गादीवर बसवलेले तिसरे रघूजी लहान होते आणि रेसिडेंट जेन्किन्सच खरा कारभारी होता. तो इथला ब्रेमर म्हणा, फक्त वर्षभरात विमान पकडून गेला नाही. ११ डिसेंबर १८५३ ला रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. मग वाड्यातले हत्ती, घोडे, बैल विकायला काढले. भोसल्यांचे दागिने कलकत्त्याच्या लिलावात गेले. कंपनीनं राज्य घेतल्यावरही हिशेब पूर्ण केला, ही त्यातली भयंकर गोष्ट. बैलसुद्धा सोडले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे यावर कोणी विडंबन केलं का? केलं, आणि ते आजही दरवर्षी होतं, फक्त तिकीट काढून पाहायचं नाही. आपल्याकडे गोटमार असते त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते. इतवारीच्या गल्ल्यांतून पिवळी मारबत येते, काळी मारबत येते, गर्दी इतकी की हात वर करायला जागा नाही, आणि त्यांच्या मागून बडगे. पिवळीला लोक हात जोडतात, बायका लेकरांना तिच्या पायाशी आणतात. काळीला शिव्या पडतात. रोगराई, इडापिडा घेऊन जा म्हणून आरोळ्या उठतात आणि शेवटी दहन होतं.

काळी मारबत कोण, याची लोकांत सांगितली जाणारी गोष्ट अशी की ती बंकाबाई. दुसऱ्या रघूजींची विधवा, तिसऱ्या रघूजींच्या लहानपणी त्यांची पालक, आणि लोककथेत कंपनीशी हात मिळवणारी. ईस्ट इंडिया कंपनी १ जून १८७४ ला कायद्यानं विसर्जित झाली, आणि काळी मारबत १८८० च्या दशकाच्या आसपास निघू लागल्याचं सांगतात. म्हणजे कंपनी कागदावरून गेली आणि तिच्या साथीदारणीचं दहन सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही.

मला या गोष्टीत एक अडचणही वाटते. आप्पासाहेबांनी स्वतः तह केला, दरबारातल्या किती पुरुषांनी कंपनीशी पत्रव्यवहार केला, पण जळते ती एक विधवा बाई. लोकांचा राग नेहमी नेमका असतोच असं नाही. तरी या विडंबनात असं काही आहे जे हॉलिवूडच्या एवढ्या पैशात आलं नाही. इथे दोष तैमूरलंगाच्या नावाच्या दूरच्या कंपनीला नाही. इथे विचारतात, आपल्या वाड्यातलं दार आतून कोणी उघडलं? हा प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःच्या घराकडे बघावं लागतं.

बडगे तर आणखी मजेदार. कधी महागाईचा बडगा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी पेट्रोलच्या भावाचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा. जुन्या कपड्यांचा, बांबू-कागदाचा, गळ्यात टायरची नाही तर झाडूची माळ, छातीवर पाटी. पाटीवरची भाषा या मासिकात छापता येणार नाही. कला म्हणून पाहिलं तर ओबडधोबड. पण ज्याचा बडगा आहे तो कोण हे दहा वर्षांच्या पोरालाही कळतं, आणि ज्याचा आहे त्यालाही कळतं. 'वॉर, इंक.' ज्यांच्यावर होता त्यांनी तो पाहिला तरी असेल का, शंका आहे.

आणि सिनेमाच हवा असेल तर आपल्याकडे 'सामना' आहे. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला. निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आणि श्रीराम लागूंचा दारूडा मास्तर. कारखाना आहे, सोसायट्या आहेत, जीपगाड्या आहेत, विकास आहे. मास्तर फक्त एका नाहीशा झालेल्या माणसाची चौकशी करत राहतो, आणि तेवढ्यानं सगळा वाडा हलायला लागतो. स्फोट एकही नाही. धोंडे पाटील मास्तराला प्रेमानं जेवायला वाढतो तेव्हा जी भीती वाटते ती क्युसॅकच्या शंभर गोळ्यांत नाही. ज्यांनी 'सामना' नुसता नावानं ऐकलाय अशा आपल्या मंडळातल्या विशी-पंचविशीच्या पोरांनी तो आईवडिलांसोबत बसून पाहावा. मधे थांबवून विचारायला माणूस लागतो, सोसायटी म्हणजे काय, चेअरमन म्हणजे काय. माझ्या वडिलांनी दर दहा मिनिटांनी रिमोट घेतला आणि आमच्याकडच्या अमुक माणसाची गोष्ट सांगितली. दोन तासांचा पिक्चर साडेतीन तास चालला.

'वॉर, इंक.' पाहायचाच असेल तर पहिली तीस-पस्तीस मिनिटं पाहा, कृत्रिम पायांच्या नाचापर्यंत. तिथे बंद केला तरी चालेल. सौंसरच्या माझ्या मामेभावाला मी हेच सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही, पूर्ण पाहिला, आणि मला फोन करून म्हणाला, "दादा, थ्या कंपनीचं मंग पुढं काय झालं? काई दाखवलंच नाई." त्याला सीताबर्डीची गोष्ट सांगत होतो तर म्हणाला की यंदा पोळा झाला की पांढुर्ण्यात थांबायचं नाही, पहाटेच्या गाडीनं नागपूर गाठायचं. बडग्यांच्या पाट्या वाचायच्यात. त्यातला कंपन्यांवरचा एखादा बडगा सापडला तर फोटो पाठवीन म्हणतो.